जरी गरीब, तरी प्रामाणिक

मराठी शाळेतल्या इंग्रजी व्याकरणात एक गृहस्थ कायमचे मुक्कामाला असत. ‘दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट.’ परीक्षेत ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ आलं, की हे हजर. ‘दो’ काढा, ‘बट’ घाला. ‘बट’ काढा, ‘इन स्पाइट ऑफ’ घाला. वाक्याची इतकी उलटापालट होऊनही गड्याची गरिबी काही हटली नाही.

‘दो’ आलं की पुढे ‘बट’ नको, असं सर बजावत. ते पोरांच्या पचनी पडत नसे, कारण मराठीत ‘जरी’ एकटी कुठं जात नाही, ‘तरी’ला घेऊनच निघते. शिवाय ‘इन स्पाइट’ला ‘ऑफ’चं शेपूट, अन् ‘डिस्पाइट’ लांडा! असं का, विचारलं तर सर म्हणायचे, “पाठ कर.”

खरी गंमत वेगळीच आहे. गरीब माणूस प्रामाणिक निघाला, याचं नवल वाटलं कुणाला? वाक्य रचणाऱ्याला! ‘दो ही इज रिच, ही इज ऑनेस्ट’ असं वाक्य मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘दो’मध्ये कौतुक दुसऱ्याचं होतं आणि पितळ उघडं पडतं बोलणाऱ्याचं.

लग्नाच्या पंगतीत एखादी मावशी म्हणते, “इन स्पाइट ऑफ मराठी मीडियम, तुझं इंग्लिश छान आहे हं!” आता हिच्या पाया पडावं की ताटावरून उठावं? दुसरीकडे सासूबाई सांगत असतात, “दो शी इज वर्किंग, पोळ्या स्वतः करते.” मुलगा नोकरी करून वरणाला फोडणीसुद्धा देत नाही, त्याच्या वाट्याला ‘दो’ येत नाही.

घरोघरच्या ‘रेन अँड मार्टिन’ या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातल्या रेनसाहेबांनी 1924 साली ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची साहसी कादंबरी लिहून नाव कमावलं. म्हणजे दो ही रोट ग्रामर, माणूस मजेदार होता. पाहा, मीसुद्धा तमाम वैयाकरणांना कंटाळवाणे ठरवून मोकळा झालो!

परवा एका व्याख्यानाला गेलो. सूत्रसंचालिका म्हणाल्या, “इन स्पाइट ऑफ बीइंग अ रायटर, सर वेळेवर आले!” टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून मानधनाचा विषय काढला, “अ‍ॅक्च्युअली, सर...”

मी निमूट रिक्षा शोधायला लागलो. ‘अ‍ॅक्च्युअली’च्या पुढे पाकीट आल्याचं ऐकिवात नाही.