पोटातले बोगस बियाणे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे परभणीकर अभिमानाने सांगतात. वजन घटवण्याच्या नादात आता जर्मनीशी बरोबरी साधण्याची नवी संधी आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपात ओझेम्पिक या वजन घटवण्यासाठीही वापरल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या औषधाची बनावट इंजेक्शन-पेन सापडली, तीही जर्मन लेबलांची. त्याच सुमारास ऑस्ट्रियात काही जण बनावट पेन टोचून रक्तातली साखर घसरल्याने रुग्णालयात पोचले. आत सेमाग्लुटाइड या ओझेम्पिकमधल्या मूळ औषधाऐवजी इन्सुलिन असावे, असा तिथल्या औषध यंत्रणेचा अंदाज होता. परवानाधारक घाऊक व्यापाऱ्यांपर्यंत नकली माल पोचतो, तर समाजमाध्यमांवरच्या ‘डीएम करा’ नावाच्या दुकानातून काय येत असेल? खरे पेनसुद्धा उघडण्यापूर्वी २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या परभणीत ते कुरिअरच्या गोणीतून येते, म्हणजे निदान गरम तरी पोचते.

नवल याचे की, बियाण्याच्या बाबतीत हाच जिल्हा शहाणा आहे. कपाशीची बॅग घेताना पक्की पावती मागायची, टॅग आणि पिशवी जपायची, मूठभर बियाणे मागे ठेवायचे. उगवले नाही तर कृषी विभागाकडे तक्रार करता येते. शेतात बोगस बियाणे चालत नाही, पोटात चालते. विक्रेत्याच्या ‘आमचे आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ या उत्तराने तर पावतीची गरजच संपते. पण ‘नैसर्गिक’ म्हणून खपवलेल्या गोळ्यांत रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढवणारे सिब्युट्रामाइन हे वजन घटवण्याचे औषध अमेरिकेच्या एफडीएला वारंवार सापडले आहे. शिवाय औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात, ज्यांवरील उपचाराची जाहिरात करता येत नाही अशा आजारांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तेव्हा ‘महिन्यात दहा किलो’ ही जाहिरात म्हणजे विक्रेत्याने स्वतःच फाडलेली गुन्ह्याची पावती.

मग मंजुरी असलेलेच औषध घ्यावे, तर यावर हुशार आक्षेप असा की, सिब्युट्रामाइनलाही सरकारची मंजुरी होतीच. होती, पण सुमारे १०,००० रुग्णांच्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि २०११ मध्ये भारताने ते बंद केले. मंजुरी म्हणजे चूक होणार नाही याची हमी नव्हे. चूक कोणीतरी मोजत आहे, एवढीच तिची किंमत. ऑनलाइन पुडीने बिघडलेली प्रकृती कोण मोजणार? दुसरा आक्षेप दराचा, आणि तो खरा आहे: मंजूर औषधे महाग पडतात. पण आत काय आहे हेच ठाऊक नसेल, तर ते स्वस्तातले तेच औषध नसते, वेगळेच काहीतरी असते. खात्री करायची असेल तर विक्रेत्याकडे बिल, बॅच नंबर आणि परवाना मागून पाहावा. तो लगेच ब्लॉक करील आणि एक दमडीही न मोजता पहिला धोका टळेल.