जगात जर्मनी, जीआरमध्ये परभणी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण कुणी काढली आणि कशावरून काढली, यावर जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत नऊ मतं निघतील. आम्ही दहावं मांडतो. नोकरशाही कशी असावी, हे मॅक्स वेबर नावाच्या जर्मन पंडिताने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं : सगळं नियमाप्रमाणे, सगळं लेखी, सगळं फायलीत. सिद्धांत तिकडे झाला. प्रयोगाला जिल्हा लागला, तो आमचा. वेबरसाहेब एकदा जरी तहसीलच्या बारनिशीसमोर रांगेत उभे राहिले असते, तरी त्यांच्या ग्रंथाला पुरवणी जोडावी लागली असती.

गोदाकाठचा एक शेतकरी घ्या. तीन हेक्टर सोयाबीन, तीन दिवस पाण्याखाली. त्याचा प्रश्न दोन शब्दांचा : "भाऊसाहेब, हेक्टरी किती?"

भाऊसाहेब सज्जन आहेत. ते म्हणतात, "जीआर बघावा लागंल."

इथून संशोधन सुरू होतं. पहिली पायरी अशी की, पाऊस पडला हे डोळ्यांनी पाहून चालत नाही. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी. तोही शेतात नव्हे, मंडळाच्या पर्जन्यमापकात. तिथे चौसष्ट भरला तर तो नुसता पाऊस, मग तुमच्या बांधावरून होडी का जाईना. दुसरी पायरी, नुकसान तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक हवं. ते ठरवायला पंचनामा हवा. पंचनाम्याला पूर्वी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यायचे. आता यातलं कुणीच येत नाही. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी येतात. माणसं तीच, मोटारसायकली त्याच; पदनामं बदलण्याचं काम मात्र सरकारने तिन्ही खात्यांत तातडीने केलं. त्याला म्हणतात प्रशासकीय सुधारणा.

मग येतो दर. २७ मार्च २०२३ चा शासन निर्णय म्हणतो, जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, मर्यादा दोन हेक्टर. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला १७,०००. १ जानेवारी २०२४ चा म्हणतो, १३,६००, मर्यादा तीन हेक्टर. म्हणजे ४०,८००. ३० मे २०२५ चा म्हणतो, ते राहू द्या, आधीचंच बरं होतं. म्हणजे पुन्हा १७,०००. मग त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा बुडाला, आणि ऑक्टोबरात दर तोच ठेवून मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली. शिवाय रब्बीसाठी हेक्टरी दहा हजार निराळे, त्याचा कागद निराळा. पीक तेच, रान तेच, पाणी तेच. फरक एवढाच की पावसाला पडण्याआधी मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडून बघायची सवय नाही.

शासन निर्णय वाचणं ही विद्या आहे आणि ती कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. आमच्या कृषी विद्यापीठाने १९७२ पासून ज्वारीच्या जाती काढल्या, पण जीआर पचवणारा शेतकरी अजून विकसित व्हायचा आहे. कागदाच्या डोक्यावर 'वाचा' असं लिहून खाली आधीच्या निर्णयांची यादी असते. अननुभवी माणूस ती सोडून देतो. जाणकार फक्त तीच वाचतो. कारण पोटात लिहिलेलं असतं, 'संदर्भ क्र. ३ मधील परिच्छेद ४ येथील तरतूद अधिक्रमित करून', आणि तो परिच्छेद ४ काय होता, हे या कागदात कुठेच नसतं. तो शोधायला संदर्भ क्र. ३ काढावा. तो निघाला की त्याच्याही डोक्यावर 'वाचा' असतं. मध्येच एखादं शुद्धिपत्रक भेटतं, जे म्हणतं की अमुक ओळीत 'व' ऐवजी 'किंवा' वाचावे. त्या एका 'किंवा'वर निम्मा तालुका पात्र ठरतो. शेवटी महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने कुणा कार्यासन अधिकाऱ्याची डिजिटल सही आणि एक लांबलचक संकेतांक, ज्यात वर्ष, महिना, दिवस सगळं कोंबलेलं असतं. एवढं सगळं असून 'हा निर्णय आज लागू आहे काय' याला मात्र रकाना नाही.

कायद्याचं अज्ञान ही सबब नाही, असं न्यायालयं सांगतात. खरं आहे. पण १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने 'हरला विरुद्ध राजस्थान' प्रकरणात असंही सांगितलं होतं की, लोकांपर्यंत पोचवलाच नाही तो कायदा लोकांवर लादता येत नाही. जयपूर संस्थानने अफूचा कायदा मंत्रिमंडळात मंजूर केला आणि प्रसिद्ध करायचाच ठेवला होता. आपलं सरकार त्या जयपूरवाल्यांपेक्षा कैक पटींनी हुशार. ते काहीच लपवत नाही, सगळं प्रसिद्ध करतं, रोज करतं, रद्द झालेल्यालाही त्याच फडताळात मानाने ठेवतं. दडवण्याची याहून खात्रीची जागा आम्हाला माहीत नाही.

अर्थात हे झालं महाराष्ट्राच्या कागदांचं. जमिनीचा मामला असेल तर आणखी एक राज्य मध्ये येतं. हैदराबाद राज्य १९५६ ला नकाशावरून गेलं. कायद्याच्या पुस्तकात ते अजून सुखाने नांदतंय. इथल्या कुळाला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागतो, इनामाला १९५४ चा हैदराबादचाच. जुनी नोंद हवी तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, आणि त्याच्या मागे गेलात तर फसली सन आणि उर्दू. आजोबांची जमीन सापडायला आधी उर्दू वाचणारे आजोबा सापडावे लागतात.

यावर उपाय माहितीचा अधिकार, असं शहाणे सांगतात. जरूर. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि विचारा. फक्त महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे विषय एकच हवा आणि अर्ज साधारण दीडशे शब्दांत बसायला हवा. शासन निर्णयाच्या 'प्रस्तावने'ला अशी मर्यादा कुणी घातलेली ऐकिवात नाही. आपल्या शेतकऱ्याने समजा विचारलं की माझ्या नुकसानीला कोणता निर्णय लागू आहे, तर सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे, असं उत्तर येऊ शकतं. किंवा कलम ६(३) खाली अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे जाऊ शकतो. त्याला कायद्याने पाच दिवस दिलेत आणि या एका कामात मुदत पाळली गेली तर नवल वाटू देऊ नका.

फाईल अडून राहू नये म्हणूनही कायदा आहे, २००५ चा, लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यानुसार एका टेबलावर फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. पण फिरत फिरत पुन्हा त्याच टेबलावर येऊ नये, असं कुठे म्हटलंय? वर जाताना तिच्यावर शेरा असतो, 'मार्गदर्शन व्हावे'. खाली येताना शेरा असतो, 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी'. कोणता नियम ते वरच्याने खालच्याला विचारलेलं असतं, खालच्याने वरच्याला. शेतकरी बाहेर लिंबाखाली बसलेला असतो.

आता जर्मनीची खबर. तिकडे १९७६ पासून प्रशासनाने नागरिकाशी कसं वागावं, याचाच एक कायदा आहे. विरोधात निकाल देण्याआधी माणसाचं ऐकून घ्या, लेखी आदेशात कारण लिहा, आणि अर्ज चुकत असेल तर कसा भरायचा ते त्याला सांगा. अमेरिकेत असा कायदा १९४६ चा. तिथे केंद्राचे लागू असलेले सगळे नियम पन्नास भागांच्या एका संहितेत विषयवार लावून ठेवलेले असतात. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही, ना केंद्राचा ना राज्याचा. तशी आम्हाला गरजही नाही. आमच्याकडे निवृत्त अव्वल कारकून आहेत.

प्रत्येक तालुक्याला असा एक गृहस्थ असतो. नोकरीत असताना सहा गठ्ठा पद्धत मन लावून पाळलेला. त्यातली स्थायी आदेश संचिका त्याने पदभारात दिली, पण आधी घरी झेरॉक्स मारून. आता तो मुद्रांक विक्रेत्याच्या टपरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. कुठला निर्णय कुठल्याने गिळला, कुठल्या शुद्धिपत्रकाने कुणाचं पोट भरलं, सगळं तोंडपाठ. जिल्ह्यातली एकमेव अद्ययावत नियमसंहिता ही अशी डोक्याला रुमाल बांधून असते, आणि तिचा दर एक कट चहा.

परवा आपला शेतकरी अखेर त्यांच्यापुढे बसला. म्हाताऱ्याने पाऊस कोणत्या तारखेचा ते विचारलं, मंडळ कोणतं ते विचारलं, आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. फोन कार्यालयातूनच होता, नवीन लागलेल्या महसूल सहायकाचा.

"काका, ते सत्तावीस मार्चचं आहे का हो तुमच्याकडं? आमच्या प्रतीला शेवटचं पानच नाही."

"आहे की," काका म्हणाले. "अर्ज करा. विषय मात्र एकच ठेवा."