मोठ्यांची कुंची

मे महिन्यात दुपारी दोन वाजता दादर स्टेशनाबाहेर पारा चौतिसाच्या आसपास असतो आणि हवा नुकत्याच पिळलेल्या टॉवेलासारखी. त्या हवेतून विशीतला एखादा तरुण काळी हुडी चढवून, टोपी कपाळापर्यंत ओढून, शांतपणे चाललेला दिसतो. घाम येतच असतो. तो दाखवायचा नाही, एवढाच नियम. ही हुडी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या चॅम्पियन कंपनीने बाजारात आणली, ती न्यूयॉर्क राज्यातल्या गारठ्यात राबणाऱ्या कामगारांसाठी. म्हणजे तिचा जन्म जिथे झाला तिथे तिला कारण होते. डोके झाकणारा कपडा मराठी माणसाला नवा आहे असेही नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कुंची घालत, ते चालायला लागले की तिच्यातून सुटे. आता अठराव्या वर्षी तीच मोठ्या मापात परत मिळते. शेतकरी मृगाच्या पावसात घोंगडीची खोळ घेई, कोकणात इरले असे. खोळ पावसासाठी होती, कुंची वाऱ्यासाठी. दादरची हुडी कशासाठी, याचे उत्तर रस्त्यावर सापडत नाही, कारण ते मॉलमध्ये आहे.

माझे म्हणणे एवढेच की ज्याला स्ट्रीटवेअर म्हणतात त्याचा रस्त्याशी फारसा संबंध उरलेला नाही. ते एसीसाठी बेतलेले कपडे आहेत. गार टॅक्सी, गार कॉलेज, गार कॅफे, आणि यांच्यामध्ये जे चाळीस पावलांचे अंतर लागते तो म्हणजे स्ट्रीट. शरीराला मात्र ही योजना कोणी कळवलेली नाही. ते जुन्याच पद्धतीने घाम काढते, आणि एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगावरून निघून जाते. मेख ‘वाळला तर’मध्ये आहे. टपकून गेलेला घाम गारवा देत नाही, फक्त कपडे धुवायला लावतो. मुंबईच्या दमट हवेत घाम आधीच आळशासारखा वाळतो. त्याला कापडातून वारा मिळाला नाही तर तो कामच सोडून देतो.

इथे तरुणांच्या बाजूने एक साक्ष द्यायला हवी. ढगळ कपड्यांची त्यांची आवड हा अपघात असेल, पण शास्त्रशुद्ध अपघात आहे. १९८० साली ‘नेचर’मध्ये एक संशोधन छापून आले होते. वाळवंटातले बेदुइन लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, हा प्रश्न. काळा आणि पांढरा, दोन्ही झगे घालून माणूस उन्हात उभा केला, मोजमापे घेतली. काळे कापड जास्त तापते हे खरे निघाले, पण अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच भरली. झगा इतका सैल की आतली तापलेली हवा धुराड्यासारखी वर निघून जाते. म्हणजे खांद्याची शिवण कोपराशी आलेला टी-शर्ट बघून आजी ‘कुणाचा घालून आलास रे?’ म्हणते तेव्हा विज्ञान नातवाच्या बाजूला असते. आजोबांचा सदरा याच तत्त्वावर चालायचा. फक्त त्याला ‘ओव्हरसाइज’ हे नाव आणि त्याबरोबरची किंमत नव्हती. घोळ पुढे होतो. हुडी ढगळ असते खरी, पण कमरेला आणि मनगटांना ताणलेली पट्टी, वर गळ्याशी नाडी, आणि आत लव उठवलेले जाड कापड. धुराडे बांधायचे आणि त्याला तिन्ही बाजूंनी बुचे मारायची!

कापडाचा हिशेबही सोपा आहे. शंभर ग्रॅम कोरडे सुती कापड नेहमीच्या हवेतली साधारण साडेआठ ग्रॅम ओल स्वतःत मुरवते, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. यावर जुलैतला माणूस लगेच हात वर करतो, आणि त्याचे बरोबर आहे. चिपळूणला पावसाळ्यात जाड सुती टी-शर्ट दोरीवर टाकला तर तो वाळत नाही, मुरतो. तिसऱ्या दिवशी त्याचा वास आधी घरात येतो आणि मग तो. पॉलिएस्टर मात्र रात्रीत वाळून तयार. पण हा दोष कापसाचा कमी आणि जाडीचा जास्त. याचे उत्तर आपल्याकडे फार पूर्वीपासून खुंटीवर लटकलेले आहे, त्याचे नाव पंचा. पातळ, विरळ विणीचा, तासाभरात वाळणारा. अंग पुसा, कमरेला गुंडाळा, डोक्याला बांधा, बाजारातून येताना त्यातच आंबे बांधून आणा. इतक्या कामांचा कपडा परदेशी कंपनीने काढला असता तर त्याच्यासाठी रात्रभर रांगा लागल्या असत्या. पंच्याचा गुन्हा एकच: तो स्वस्त आहे आणि वडिलांच्या खांद्यावर दिसतो.

कापूसही काही साधुसंत नाही, असा आक्षेप पर्यावरणवाले घेतात. मान्य. त्याला पाणी लागते, फवारणी लागते, आणि २००२ पासून बीटी बियाणे आल्यावर विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे काय काय झाले हे सांगायला विनोदी लेख ही जागा नव्हे. कमी पाण्यात तग धरणारा देशी कापूस मागे पडला तो धागा आखूड म्हणून; गिरण्यांना लांब धागा हवा होता. पण त्यावरचा उपाय कमी कपडे घेणे आणि जास्त वर्षे वापरणे हा आहे, दर धुण्यात प्लास्टिकचे तंतू गटारात सोडणे हा नाही.

मग हुडीवाल्यांचा हुकमी पत्ता निघतो: ऑफिसात एसी अठरावर असतो, तिथे सदऱ्यात गोठायचे का? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच गमतीचा आहे. साहेब कोट घालतो म्हणून एसी अठरावर, आणि एसी अठरावर म्हणून कारकून हुडी घालतो. विजेचे बिल भरून माथेरान विकत घ्यायचे आणि मग त्याच्यापासून बचाव करायला गरम कपडे. जपानने २००५ मध्ये हे वर्तुळ दुसऱ्या टोकाकडून तोडले. सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यात एसी २८ अंशांवर आणि कोट-टाय काढून ठेवा, असा ‘कूल बिझ’चा फतवा निघाला, खुद्द पंतप्रधान कोइझुमी ओकिनावाचा सैल शर्ट घालून वावरले. टाय बनवणारे नाराज झाले, राज्य काही बुडाले नाही. आपल्याकडे २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ वर लागतो; पुढचे रिमोट ज्याच्या हातात त्याच्या स्वभावावर. २०२४ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने वीज वाचवायला सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून यायची मोहीम काढली. आपल्या तरुणांनी ती सातही वारी आणि कितीतरी वर्षे आधीपासून राबवली होती, हे नोंदवायचे राहून गेले.

शेवटी उरतो तो प्रतिष्ठेचा मुद्दा. फॅशन सोयीसाठी नसतेच, लुंगी-पंचा घालून कोण ‘कूल’ दिसणार, असे म्हणतात. पण इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला असे कोशकार सांगतात. तिथले जाडेभरडे कापड खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर बसून जग फिरले आणि चढ्या किमतीचे लेबल लावून परत आले. जिने स्वतःच्या डोंगरीचे कापड ओळखले नाही ती पिढी पंच्याला हसणारच. त्याला एकदा मिलानला पाठवून परत मागवावे लागेल.

‘शाश्वत’ असे छापलेला टी-शर्ट हल्ली वेगळ्या किमतीला मिळतो. त्याची कसोटी मात्र जुनीच लावावी. मराठी घरात सदऱ्याचा प्रवास ठरलेला होता: आधी लग्नकार्याला, मग रोजच्याला, मग घरातल्या घरात, मग धाकट्याला, बरा तुकडा गोधडीत, काही बोहारणीच्या पातेल्यावर, आणि उरलेल्याचे पोतेरे. पॉलिएस्टरची हुडी यातल्या कोणत्याच पायरीवर टिकत नाही. बोहारीण तिच्या बदल्यात चहाचे गाळणेसुद्धा देताना दोनदा विचार करील. आणि पोतेरे करायला घेतले तर (मायक्रोफायबरची फडकी त्याच कुळातली, पण त्यांचा धागा त्यासाठी मुद्दाम चिरलेला असतो) ती पाणी पीत नाही, फक्त या कोपऱ्यातले त्या कोपऱ्यात नेऊन सोडते.