माझी खनिजसंपत्ती

लालबागच्या नाक्यावर ज्याचं बालपण गेलं, त्याच्या डोक्यात शिसं असणारच, हा शोध मला पन्नाशी उलटल्यावर लागला. 2000 सालापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असायचं आणि आमच्या चाळीची खिडकी थेट सिग्नलवर उघडायची. दहावीला गणितात 38 गुण का पडले, याचं शास्त्रीय कारण अखेर सापडलं. वडील उगाच मला बोलले. खालून जाणाऱ्या टॅक्सींना बोलायला हवं होतं.

हल्ली नावं आठवत नाहीत. दादरला भाजीला जायचं आणि पुलाखाली उभं राहून आपण कशाला आलो, याचा विचार करायचा. ही म्हणते, "वय झालं." ती विज्ञान वाचत नाही. मी वाचतो. रात्री दीड वाजता, फोनवर.

तिथे कळलं, की शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं जास्त ओढून घेतं. हे खरंच आहे. पुढचं मी पदरचं जोडलं : म्हणजे दोन्ही ठासून भरलं, की आधीचं शिसं बाहेर पडणार. दादर स्टेशनवर चढणाऱ्यांच्या रेट्यात उतरणारा आतच अडकतो, हे वर्षानुवर्षं भोगूनही मला ते सुचलं नाही.

तर लोह आलं, कॅल्शियम आलं, जस्त आलं. शिसं काढायला एक भस्मही आणणार होतो. पण इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीबद्दल वाचलं. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं काढायला शिसंच विकत घ्यायचं, हे मलासुद्धा पटेना.

मग मॅग्नेशियम. त्याने उंदरांची स्मरणशक्ती वाढल्याचा प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला होता. उंदरांना दिलं होतं मॅग्नेशियम थ्रिओनेट. मी आणलं स्वस्तातलं ऑक्साइड. ते रक्तात फारसं शिरत नाही, आतड्यात पाणी ओढतं, म्हणूनच पोट साफ करायला वापरतात. त्यात आमच्याकडे संडास सामाईक आणि गॅलरीच्या पार टोकाला. माझ्या फेऱ्या बघून शेजारच्या काकूंनी भर गॅलरीत विचारलं, "काय रे, पोट बिघडलं का?"

"नाही काकू, स्मरणशक्ती वाढवतोय."

तेव्हापासून त्या हिच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या.

पुढे कळलं, की ही खनिजं एकमेकांशी भांडतात. कॅल्शियमसोबत लोह नीट शोषलं जात नाही, चहासोबतही नाही. जस्त जास्त झालं तर ते तांब्याला अडवतं. म्हणून प्रत्येकाची वेळ वेगळी. कपाटावर वेळापत्रक चिकटवलं. पण त्यातली कुठली गोळी झाली आणि कुठली राहिली, हे लक्षात ठेवायला जी स्मरणशक्ती लागते, तिच्यासाठीच तर गोळ्या चालू होत्या. शंका आली की मी आणखी एक घेऊन टाकायचो.

जस्ताने अडवलेलं तांबं भरून काढायला तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवलं. 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं, म्हणून त्यातच लिंबू पिळलं. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं. आजी भांड्यांना कल्हई लावून घ्यायची ती नुसत्या चकाकीसाठी नव्हे, हे मला सकाळी मोरीत ओणवं झाल्यावर उमगलं.

हिने मला परळच्या डॉक्टरांसमोर बसवलं आणि सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. मी शिशाचा विषय काढला.

"रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं," डॉक्टर म्हणाले. "हाडांत मात्र वर्षानुवर्षं बसतं. तुमच्या शाळेतलं शिसं आज रक्तात कुठे शोधू?"

तरी माझ्या हट्टाखातर तपासलं. काळजीचं काही निघालं नाही.

"मग गणिताचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

जस्ताची बाटली मात्र त्यांनी उजेडात धरली. गोळी 50 मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाची वरची मर्यादा दिवसाला 40. त्यात माझ्या शंकेच्या गोळ्या. असं फार काळ चाललं तर तांबं घटून मज्जारज्जूला इजा होते, पाय बधिरतात, चालताना तोल जातो. म्हणजे बुद्धी येता येता पाय गेले असते.

"झोपता किती वाजता?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "दोन. रोज आरोग्यावर वाचत बसतात."

चिठ्ठीवर एकाही धातूचं नाव नव्हतं. सगळ्या गोळ्या बंद, जेवणात नाचणीची भाकरी आणि रात्री दहानंतर फोन बंद. या शेवटच्या औषधाचे दुष्परिणाम तरी वाचून घ्यावेत म्हणून मी खिशात हात घातला. पण फोन तोवर हिच्या पर्समध्ये गेला होता.