शंभर टक्के तपासणी

महाळुंग्यात जग तीन शिफ्टमध्ये चालतं, त्यामुळे मांजरीच्या तीन पिलांची नावं ठेवताना आम्हाला डोकं खाजवावं लागलं नाही. पहिलं फस्ट, दुसरं सेकंड आणि काळंकुट्ट तिसरं नाईट. खाजवायची वेळ महिन्याभराने आली, आणि तेव्हा प्रकरण डोक्यावर थांबलं नाही.

मांजर तशी आमची नव्हे. ती एमआयडीसीची. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या धाब्यांवर जेवायची आणि मुक्कामाला कुठंही. बाळंतपणासाठी मात्र तिने आमच्या जिन्याखालचा पुठ्ठ्याचा खोका निवडला. त्यात माझं जुनं गोणपाट होतं. त्यात पिसवाही होत्या की त्या तिनेच माहेरच्या आहेरासारख्या सोबत आणल्या, हे आता सांगता येणार नाही.

मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ड्रिल मारल्यावर भोकाच्या कडेला धातूचं जे बारीक कुसळ राहतं, त्याला आम्ही ‘बर’ म्हणतो. ती शोधण्यात माझी बारा वर्षं गेली. त्यामुळे फस्टच्या पाठीवर फुंकर मारली आणि केसांच्या मुळाशी मिरपूड सांडल्यासारखं दिसलं, तेव्हा माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. ते दाणे ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले. दाण्याभोवती तांबूस कडं उमटलं. म्हणजे ही धूळ नव्हे, ही पिसवांची विष्ठा. पिलाचंच रक्त, पचून बाहेर पडलेलं.

बातमी वाड्यात पसरली आणि जो तो आपापलं विष घेऊन धावला. घरमालकांच्या आजी म्हणाल्या, ‘‘आरं, राकेल चोळ की एकदा. आमच्या म्हशीला चोळायचो.’’ रॉकेल आता कुठं मिळत नाही, हे पिलांचं नशीब. शेजारचा लातूरचा वेल्डर गावाहून बैलांच्या गोचिडाचं औषध मागवायला निघाला. कुणी कापूर सुचवला, कुणी डांबराच्या गोळ्या, कुणी फरशीच्या फिनेलमध्ये एक बुडी. एका औषधाच्या दुकानात तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब माझ्या हातात ठेवण्यात आले. ‘‘अर्धेच टाका. कुत्रं काय न् मांजर काय!’’

बरं झालं, ते टाकण्याआधी मी पिलांना पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर एक शेतकरी वासराची दोरी धरून बसले होते. त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि उरलेला वेळ माझ्याकडे दयेने पाहिलं. डॉक्टरांनी आधी पिलांच्या हिरड्या पाहिल्या. फिकट होत्या, पण पांढऱ्या पडल्या नव्हत्या. मग बाटली वाचून ती त्यांनी टेबलाच्या त्यांच्या बाजूला ठेवली. परत दिली नाही. त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्रं ते पचवतं, मांजराच्या यकृताला ते मोडताच येत नाही. झटके येतात आणि जीव जातो. कापूर, फिनेल, डांबरगोळ्या यांचीही तीच गत. ‘‘आणि हे पिलू चारशे ग्रॅमचं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘याच्या अंगात रक्त असून असून किती? अर्ध्या कटिंगएवढंही नाही. त्यात भागीदार इतके.’’

आठ आठवडे होईपर्यंत मानेवरचे थेंब नकोत. आईचं वजन करून तिला मांजरांसाठीचंच औषध दिलं. पिलांसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि फणी. मी हिरमुसलो. आमच्या लाइनवर रोबो वेल्डिंग करतात आणि घरी मला फणी!

पण काम क्वालिटीचंच निघालं. पाणी अंगावर पडलं की पिसवा चढावर पळतात: कान, डोळे, नाक. म्हणून आधी गळ्याभोवती फेसाचं कडं करायचं, म्हणजे नाकाबंदी. मग मानेखालचं अंग, दोन मिनिटांत. लगेच टॉवेलात गुंडाळून कोरडं करायचं, कारण एवढ्या जिवाला थंडीही पिसवांइतकीच मारते. नंतर आजींची उवांची जुनी फणी. पिसू दातांत अडकली की वाटीतल्या साबणाच्या पाण्यात. नुसत्या पाण्यात ती तरंगते आणि उडी मारून परत कामावर हजर होते. साबणाच्या पाण्यात बुडते. पहिल्या रात्रीचा माझा रिपोर्ट असा: फस्ट ३७, सेकंड २९, नाईट मोजता आलं नाही. काळ्यावर काळं, कॉन्ट्रास्ट नाही.

आठवडाभरात आकडे उतरले, आणि मग परत चढले. डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संसाराच्या जेमतेम विसावा हिस्सा. उरलेला गोधडीत, फटीत, सोफ्याखाली, अंडी-अळी-कोष या रूपात. मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते आणि ती चिकटत नाहीत, पीठ सांडावं तशी घरभर सांडतात.

हे ऐकून बायकोने पदर खोचला. ‘‘अहो, मागं सरका.’’ गाद्या, पलंग, कपाट, सगळं अंगणात. आजी ओट्यावरून ओरडल्या, ‘‘पिलेग आला का गं?’’

आजींचा नेम चुकला नव्हता. १८९७ च्या प्लेगात प्लेग-अधिकारी रँडच्या गोऱ्या शिपायांनी पुण्यातल्या घरांतलं सामान असंच रस्त्यावर काढलं होतं. त्याचा जाब चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर विचारला. खरा आरोपी मात्र सरकारला तेव्हा ठाऊकच नव्हता. तो पुढच्या वर्षी, मुंबई इलाख्यातल्याच कराचीत, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्रयोग करून पकडला: उंदरावरची पिसू. त्या प्रयोगाला पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्यांनी हॉटेलच्या आवारात हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरून काही उसन्या घेतल्या होत्या. डॉक्टरसाहेब, तुम्ही महाळुंग्याला यायचं होतं. आम्ही परत मागितल्या नसत्या.

खोका जाळला. गोधड्या कढत पाण्यात बुडवून उन्हात टाकल्या. रोज केर, रोज फणी. दिवाळीत पाच दिवस आम्ही गावी गेलो. पिलं आणि त्यांची आई आजींच्या ओट्यावर. परतलो, कुलूप काढलं, दोन पावलं टाकली आणि पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके नाचू लागले. कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे गप्प बसते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर. इतकी वेळेवर हजेरी आमच्या फस्ट शिफ्टलाही नसते.

आठ आठवडे झाल्यावर पिलांना थेंब मिळाले आणि घरचं युद्ध एकदाचं शमलं. कारखान्याचं राहिलं होतं. त्याच सोमवारी कस्टमरचं ऑडिट. मी सरफेस प्लेटवर चकचकीत पार्ट ठेवला, भिंगाचा दिवा ओढला. ऑडिटर वाकून म्हणाले, ‘‘या भोकाच्या कडेला काळं काय आहे?’’

‘‘बर असेल, साहेब,’’ मी बारा वर्षांच्या अनुभवाने म्हणालो. ‘‘बारीक आहे. काढून टाकू.’’

त्यांनी नखाने चाचपायला बोट पुढं केलं, आणि बर त्यांच्या टायवर जाऊन बसली.