टाकं कुठाय?

गडावर पाऊल ठेवताच "टाकं कुठाय?" विचारणारा एक तरी मामा तुमच्याही घरात असणारच. आमचा भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून, माझ्या शेजारी बसून इंग्लंडात डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसलला आला. लांबून टेकडीवरच्या तुटक्या भिंती दिसल्या तसा म्हणाला, "एवढंच? आपल्या राजगडाच्या एका माचीत मावेल हे."

तिकीट फाडणाऱ्या आजीबाईंना त्यानं आपल्या खास इंग्रजीत पाण्याचं टाकं विचारलं. त्यांनी अतिशय नम्रपणे स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं. मग दरवाज्यात एकाला, वर दुसऱ्याला. पहिल्या हेन्रीच्या काळचा बालेकिल्ला समोर उभा, खाली वाफेची गाडी शिट्टी फुंकत स्वॉनेजकडे निघालेली, आणि हा गवतात वाकून कातळ चाचपतोय. "टाक्याशिवाय गड लढवला? मग प्यायले काय?"

त्याला गप्प करायला मी हकीकत सांगायला घेतली. 1643 मध्ये नवरा राजाच्या चाकरीत बाहेर असताना लेडी मेरी बँक्सनं वरून दगड-निखारे टाकून पार्लमेंटच्या फौजेचा वेढा परतवला. मामा ताठ झाला. 1646 मध्ये आतल्याच एका अधिकाऱ्यानं, कुमक आणलीय असं भासवून शत्रूची माणसं आत घेतली...

"फितुरी!" मामा असा ओरडला की सँडविच खात बसलेलं एक कुटुंब दचकलं. "तरी म्हटलं!" काय म्हटलं होतं, देव जाणे.

मग पार्लमेंटनं सुरुंग लावून गड फोडला. दरवाज्याचा अर्धा भाग उतारावर खाली घसरलाय आणि तसाच उभा आहे. मामा तिथं बराच वेळ थांबला. 1818 नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा कशा उडवल्या, हे भाषण मला तोंडपाठ. मी मान डोलवायच्या तयारीत होतो. पण तो एवढंच म्हणाला, "म्हणजे आधी घरच्यांवर हात साफ केला होय!"

संध्याकाळी कॅम्पसाइटवर मामानं भांडी विसळायला घेतली, ती पुण्याच्या सवयीनं नळ सोडून. थोड्या वेळानं नळ घरघरला. व्हॅनच्या पोटातलं पाणी संपलं. अशी संधी पुन्हा थोडीच येते?

"मामा, टाकं कुठाय?"

तो हसला नाही. गुडघा चोळत बसला. "राजगडाला शेवटचा गेलो ना, तेव्हा पोरांनी हाताला धरून उतरवला मला." मग जरा थांबून, "टाकं सापडलं की काठावर टेकता येतं रे. म्हातारा दम खातोय असं वाटत नाही कुणाला. पाणी बघतोय, असंच वाटतं."

म्हणजे गेली कित्येक वर्षं, प्रत्येक गडावर... मी चहाचं आधण ठेवायला उठलो आणि पाणीच नाही हे आठवून परत बसलो.

पहाटे खडखडाटानं जाग आली. बाहेर अजून अंधार. कानटोपी घातलेला मामा लांबच्या नळावरून कॅनच्या खेपा घालत होता, दर खेपेला वाटेतल्या बाकावर टेकत. मी काच खाली केली.

"झोप तू," तो म्हणाला. "तुडुंब भरलंय. आता पडू दे वेढा."