बेसमेंटचा जीर्णोद्धार

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागातल्या घरांना बेसमेंट असते याचे मूळ कारण थंडी. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठले की माती फुगते आणि वरचे बांधकाम उचलू लागते. त्यामुळे माती जिथवर गोठते त्याच्याही खाली पाया न्यावा लागतो. न्यू जर्सीत ही खोली साधारण ३ फूट, शिकागोकडे साडेतीन, मिनेसोटाच्या उत्तर भागात ५. एवढे खणलेच आहे तर आणखी थोडे खणून एक अख्खा मजला काढावा, असा हिशेब बिल्डरांनी केला आणि तो लोकांना पटला. टेक्सास-फ्लोरिडात माती अशी गोठत नाही, म्हणून तिथे बेसमेंट क्वचितच आढळते. तिथली मराठी कुटुंबे अडगळ गॅरेजमध्ये ठेवतात आणि गाडी उन्हात.

नव्या घरासोबत बेसमेंट बहुधा ओबडधोबडच मिळते. काँक्रीटच्या भिंती, काँक्रीटचीच जमीन, वर उघड्या तुळया, त्यांतून गेलेले पाइप आणि वायरी, कोपऱ्यात फर्नेस आणि वॉटर हीटर. मधोमध एखाददुसरा लोखंडी खांब असतो आणि तो हमखास टेबल टेनिसचे टेबल मांडायच्या जागी येतो. वरचे घर त्याच्यावर उभे असल्यामुळे तो काढता येत नाही. हलवायचा म्हटले तर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याचा अंदाजखर्च हाती पडला की खांब हळूहळू शोभिवंत वाटू लागतो.

कामाचा पहिला टप्पा जागा रिकामी करण्याचा. बांधकामाच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात, प्रत्यक्षात त्यात दोन उन्हाळे जातात. वॉरंटी संपेपर्यंत ठेवायचा म्हणून ठेवलेला टीव्हीचा खोका तिथे असतो. वॉरंटी संपली, टीव्हीही गेला, खोका आहे. एक चाक मोडलेल्या चार सूटकेसा 'पुढच्या भारतवारीला' राखून ठेवलेल्या असतात. गणपतीच्या मखराचे तीन वर्षांचे थर्माकोल असते. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकातली एक खिडकी असते; ती सांभाळायला कुणी दिली हे दिग्दर्शकालाही आठवत नाही. शिवाय ट्रेडमिल. ट्रेडमिल टाकायची नसते, कारण ती सोमवारपासून वापरायची असते. शेवटी डम्पस्टर भाड्याने आणून ड्राइव्हवेवर उभा करतात. रात्री घरातल्या एकाने त्यात टाकलेले सामान पहाटे दुसऱ्याने परत आत आणल्याचे आढळते.

यानंतरचा खरा प्रश्न पाण्याचा. बेसमेंट म्हणजे मातीत पुरलेले काँक्रीटचे भांडे आणि काँक्रीट सच्छिद्र असते. तरीही बहुसंख्य कुटुंबांत चर्चेला सुरुवात प्रोजेक्टर किती इंची घ्यावा इथून होते. जाणता कंत्राटदार आधी घराबाहेर फेरी मारतो. गटर पानांनी तुंबले आहे का, डाउनस्पाउटचे पाणी पायाशीच पडते का, माती घराकडे उतरते की घरापासून दूर, हे तो पाहतो. पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंच उतार असावा, असे बांधकामाचे नियम सांगतात. बेसमेंटमधली बरीचशी ओल गटर साफ करून आणि डाउनस्पाउटला पुढे एक नळी जोडून कमी होते. हा उपाय इतका स्वस्त आहे की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

ओल कुठून येते हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. दोन फूट चौरस प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने चिकटवायच्या आणि दीड-दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या खाली थेंब जमले तर पाणी मातीतून वर येते आहे. वरच्या बाजूला जमले तर हवाच दमट आहे आणि डिह्युमिडिफायर लावून भागेल. मातीतल्या पाण्यासाठी कोपऱ्यात खड्डा करून त्यात सम्प पंप बसवतात. पंप विजेवर चालतो. वादळात पाऊस आणि अंधार जोडीने येतात, म्हणजे पंपाची गरज नेमकी त्याच्या सुट्टीच्या दिवशी पडते. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप जवळ असणे शहाणपणाचे. तो बहुधा कार्पेट एकदा भिजल्यानंतर घेतला जातो.

पाण्यानंतर हवा. जमिनीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पायाच्या भेगांतून तो घरात शिरतो आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर साचतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो. त्याच्याकडे अमेरिकेचे लक्ष वेधले गेले ते १९८४ च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुऊर्जा प्रकल्पाच्या बांधकामावरचे इंजिनिअर स्टॅनले वॉट्रस किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रासमोरून गेले की धोक्याची घंटा वाजायची. एके दिवशी ती ते कामावर येत असतानाच वाजली. म्हणजे किरणोत्सर्ग ते घरून आणत होते. त्यांच्या घरात लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन सापडला. सरकारी पर्यावरण संस्था आज ४ पिकोक्युरीलाच उपाय करा म्हणते. उपाय साधा आहे. जमिनीच्या लादीखालून एक पाइप छपराच्या वर न्यायचा आणि त्यावर पंखा बसवायचा. चाचणीचा डबा दुकानात मिळतो, दारे-खिडक्या बंद करून दोन-चार दिवस ठेवावा लागतो. त्या दिवसांत घरात मासे तळू नयेत, एवढेच पथ्य. तेही रेडॉनसाठी नव्हे, माणसांसाठी.

मग परमिट. टाउनशिपच्या कचेरीत नकाशा द्यावा लागतो. भिंती झाकण्याआधी इन्स्पेक्टर येऊन चौकट, वायरिंग आणि प्लंबिंग पाहतो. 'कोण बघायला येतंय?' या तत्त्वावर परमिट टाळणारे असतात. बघायला येतो तो घर विकतानाचा गिऱ्हाइकाचा माणूस. खाली झोपायची खोली हवी असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी कायद्याने लागते. तिचे मोकळे तोंड किमान ५.७ चौरस फूट हवे आणि तिचा उंबरठा जमिनीपासून ४४ इंचांहून वर चालत नाही. त्यासाठी काँक्रीटची भिंत कापावी लागते आणि बाहेर खड्डा खणावा लागतो. खर्च बराच येतो. या नियमावर मात्र विनोद करू नये. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात १३ माणसे दगावली, त्यांतली ११ बेसमेंटमध्ये होती.

आतले बांधकाम त्या मानाने सरळ. काँक्रीटला लागून फोमच्या कडक पाट्या, त्यापुढे १६-१६ इंचांवर उभे स्टड, खालची आडवी पट्टी कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडाची, आणि वर ड्रायवॉल. थेट काँक्रीटवर काचलोकर आणि प्लास्टिक लावले की आत पाणी अडकते आणि बुरशी धरते. ड्रायवॉलची पाटी ४ बाय ८ फुटांची असते. जिन्याच्या वळणावरून ती खाली जात नाही, हा शोध दुकानातून वीस पाट्या आणल्यावर लागतो. छत किमान ७ फूट हवे. तुळया आणि डक्टखाली ६ फूट ४ इंच चालते. छताला चौकोनी पाट्या टांगल्या तर पुढे पाइप गळल्यावर एक पाटी सरकवून पाहता येते, पण दिसायला ते दिवाणी कोर्टासारखे दिसते. म्हणून लोक ड्रायवॉलचे सुंदर छत करतात आणि पाइप गळेपर्यंत आनंदात राहतात.

बाथरूम हवे असेल तर जमीन फोडावी लागते आणि मैला वर ढकलायला इजेक्टर पंप बसवावा लागतो. त्याच्या आवाजावरून खाली कोण गेले होते हे वरच्या मजल्यावर सर्वांना कळते.

आराखड्यात होम थिएटर, व्यायामशाळा आणि बार असतो. प्रत्यक्षात बारच्या ओट्यावर इंडक्शन शेगडी येते आणि तिथे कुरडया तळल्या जातात, कारण वरच्या घरात वास नको असतो. पूर्ण स्वयंपाकघराला मात्र कित्येक टाउनशिप परवानगी देत नाहीत. त्याने दुसरे बिऱ्हाड थाटल्यासारखे होते. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांची सोय खाली करावी, असाही विचार असतो. 'आम्हाला काय पेवात घालून ठेवताय?' एवढे विचारून आई वरच्या मजल्यावरची नातवाची खोली घेते आणि ती सोडत नाही. गणपती, भजन, रविवारची मराठी शाळा आणि नाटकाच्या तालमी यांना मात्र बेसमेंटइतकी चांगली जागा नाही. ती नाटकातली खिडकी तिथे परत येते.

खर्च भरून निघेल या आशेने कुणी हे काम काढू नये. घराची किंमत ठरवणारे जमिनीखालचे क्षेत्रफळ, ते कितीही सजवलेले असो, वरच्या राहत्या क्षेत्रफळात मिळवत नाहीत. ते वेगळे आणि कमी भावाने धरतात. मालमत्ता कर लावणाऱ्या खात्याला मात्र परमिटच्या कागदांवरून त्याची बातमी आधीच पोहोचलेली असते.